रेडिओवर एकच खेळ, आणि आमचा फेटा

भारताचा क्रिकेट सामना असला की आमच्या इतवाऱ्यातील कापडबाजारात दुपारनंतर बोहणीचेही वांधे होतात. पूर्वी दुकानादुकानात ट्रान्झिस्टर असे, आता मोबाईल आहे. पण कान लागतो तो त्याच एका खेळाकडे. रेडिओवर खेळ म्हणजे क्रिकेट, हे समीकरण फार जुने आहे. १९३४ साली ए. एफ. एस. तल्यारखान यांनी मुंबईच्या चौरंगी स्पर्धेतील पारशी विरुद्ध मुस्लिम या सामन्याचे धावते वर्णन केले, तेथपासून ही परंपरा सांगितली जाते. मराठीत बाळ ज. पंडित यांनी ते घराघरांत नेले. २०१९ मध्ये आकाशवाणी आणि क्रिकेट मंडळ यांचा समालोचनाचा करारही झाला.

यामागे सरळ हिशेब आहे. सहा चेंडू झाले की षटक संपते आणि जाहिरातीला जागा मिळते. हॉकीत चेंडू थांबत नाही, जाहिरात घालायची कोठे? पण ही सबब आता जुनी झाली. हॉकीचा सामनाही आज १५ मिनिटांच्या चार भागांत खेळला जातो, म्हणजे मधे तीन वेळा थांबतो.

आमच्या वयाच्या लोकांना १९७५ चा क्वालालंपूरचा विश्वचषक आठवत असेल. उपांत्य सामन्यात भारत मलेशियाविरुद्ध मागे पडलेला, आणि बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या भोपाळच्या अस्लम शेर खानने बरोबरी साधून दिली. अंतिम सामन्यात पाकिस्तानवर २-१ असा विजय मिळाला, तो जसदेव सिंग यांच्या आवाजात देशाने ऐकला. त्यानंतर मोहल्ल्यातील पोरे कित्येक दिवस वाकड्या फांद्या घेऊन हॉकी खेळत होती.

आज नांदेडलाच दरवर्षी श्री गुरु गोबिंदसिंगजी सुवर्ण व रौप्य चषक अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरते. बाहेरगावचे नामांकित संघ येतात. पण मैदानापासून दीड कोसावर बसलेल्या दुकानदाराला कोण जिंकले हे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून कळते. कुस्तीचेही तेच. लातूर जिल्ह्याने १९६९ साली हरिश्चंद्र बिराजदार यांच्या रूपाने महाराष्ट्र केसरी दिला. लोहा तालुक्यातील माळेगाव यात्रेत कुस्त्यांची दंगल अजून भरते.

आता व्यापाराची बाजू. माळेगावच्या यात्रेआधी माझ्याकडे फेट्यांची मागणी येते, कारण जिंकलेल्या पैलवानाचा सत्कार फेट्यानेच होतो. लंगोटाचे कापड जाते, संघांचे सदरे शिवायला आमचेच टेलर मास्तर बसतात. क्रिकेटचे तयार जर्सी तर बाहेरून शिवूनच येतात. आमच्या कारीगराच्या हाती त्यातले काय पडते? तरीही मी स्वतः मागे एकदा जाहिरात दिली ती क्रिकेटच्या वेळेतच. प्रतिनिधीला विचारले, हॉकीच्या दिवसांत लावता का? तो हसला, म्हणाला, ‘चाचा, त्याचे पॅकेजच नाही.’ पैसे मी मोजले आणि पावती खिशात घातली. चूक माझीही होतीच.

बहुतेक बांधवांना ठाऊक नसते की केंद्र सरकारच्या २०११ च्या एफएम धोरणानुसार खासगी वाहिन्यांना मोठ्या सामन्यांचे थेट समालोचन करता येत नसले, तरी स्थानिक स्वरूपाच्या क्रीडास्पर्धांचे करता येऊ शकते. आकाशवाणीचे केंद्र नांदेडला आहे, परभणीलाही आहे. म्हणजे वाट आहे, विचारणारा हवा. इतवारा, वजिराबाद आणि लातूरच्या गंजगोलाईतील दहा-बारा दुकानदारांनी मिळून खर्च उचलला, तर माळेगावच्या दंगलीचे तासभर वर्णन रेडिओवर यायला काय हरकत आहे? दोन कुस्त्यांच्या मध्ये जोड लावायला, हलगी वाजायला वेळ जातोच. तेवढ्यात फेटेवाल्याचे, टेलरचे, चपलेवाल्याचे नाव सहज घेता येते.

दिवाळीनंतर फेट्यांचे ठोक भाव ठरतात. त्याआधी आम्ही चार-पाच जण आकाशवाणीच्या केंद्रावर जाऊन चौकशी करणार आहोत. ज्यांना सोबत यायचे असेल त्यांनी असरच्या नमाजनंतर दुकानावर यावे.