छऱ्याची बंदूक आणि नेमाचा छंद

माळेगांवच्या यात्रेला जे कोणी गेले असतील त्यांना ती जागा खचित आठवेल. मार्गशीर्ष सरतांना नांदेड जिल्ह्यांतील लोहा तालुक्यांत खंडोबाची ही यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवें यांच्या बाजारांतून धुळीनें माखून बाहेर पडलें, कीं पाळण्यांच्या अलीकडे एक फळी उभी केलेली दिसते. तिच्यावर रंगीबेरंगी फुगे ओळीनें टांचलेले असतात आणि समोरच्या मेजावर दोन-तीन जुनाट बंदुका पडलेल्या असतात. लातूरला महाशिवरात्रीच्या सिद्धेश्वराच्या यात्रेंतहि हेंच दृश्य. पैसे मोजावे, बंदूक खांद्याला लावावी, एक डोळा मिटावा आणि घोडा ओढावा. फुगा फुटला तर बरोबरचीं मुलें टाळ्या पिटतात; न फुटला तर आपण म्हणतों, “बंदूकच वांकडी आहे!”

आपलें म्हणणें बहुधा खरेंच असतें. पण त्याच वांकड्या बंदुकीनें दुकानदाराचा दहा वर्षांचा मुलगा ओळीनें आठ फुगे फोडून दाखवितो, तें कसें? कारण सोपें आहे. ही बंदूक दोन बोटें डावीकडे मारते हें त्याला ठाऊक असतें, आणि ती रोज तितकेंच डावीकडे मारते. बंदूक वांकडी असली तरी चालेल, पण ती सारखीच वांकडी असली पाहिजे. छऱ्याच्या बंदुकीचें बहुतेक शास्त्र या एका वाक्यांत सांठविलेलें आहे. जोर हा तिचा गुण नव्हे. एकसारखेपणा हा तिचा गुण होय.

प्रथम ही बंदूक चालते कशी तें पाहूं. चुलीपुढची फुंकणी आपल्या परिचयाची आहे. तींत ज्वारीचा दाणा घालून फुंकर मारली तर दाणा दूर उडतो. छऱ्याची बंदूक म्हणजे हीच फुंकणी. फुंकर मात्र माणसाची नसून यंत्राची असते. साध्या बंदुकींत नळी खालीं वांकविली कीं आंतील एक जाड स्प्रिंग दाबली जाते व घोड्याशीं अडकून राहते. नळींत छर्रा घालून ती पुन्हां सरळ करावयाची. घोडा ओढतांच स्प्रिंग सुटते, तिच्या पुढील दट्ट्या सायकलच्या पंपाप्रमाणें नळकांड्यांतील हवा एका क्षणांत दाबतो, आणि ती दबलेली हवा बारीक छिद्रांतून निसटून छऱ्याला पुढें लोटते. येथें दारू नाहीं, ठिणगी नाहीं. छर्रा शिशाचा, कमरेंत बारीक व मागें घागऱ्यासारखा पसरट असतो. हवेच्या दाबानें तो घागरा फुलून नळीला घट्ट बसतो, आणि नळीच्या आंतील पेचदार खोबणींमुळें छर्रा भोंवऱ्यासारखा फिरत सरळ जातो.

हें खेळणें नव्हे, हें ध्यानांत यावें म्हणून थोडें गणित करूं. सामन्यांत वापरतात तो ४.५ मिलिमीटरचा छर्रा वजनानें अर्ध्या ग्रॅमहून किंचित् अधिक असतो व सेकंदाला सुमारें १७५ मीटर वेगानें नळींतून बाहेर पडतो, म्हणजे ताशीं ६३० किलोमीटर! हवेवर चालणारी बंदूक एके काळीं रणांगणावरहि होती. १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यानें जिरांदोनी नांवाच्या कारागिराची अशी बंदूक स्वीकारली होती. तिच्या दस्त्यांतील टांकींत पंपानें हवा भरीत असत.

हें गणित मला पुस्तकानें शिकविलें. त्याचा अर्थ मात्र एका दुपारीं कळला. मी मॅट्रिकची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यांत नांदेडच्या माझ्या मामांनीं आपली जुनी बंदूक मला दिली. “पांखरावर नेम धरूं नकोस, आणि छर्रा कुठें थांबणार तें आधीं पाहा,” एवढें त्यांनीं बजाविलें होतें. आमचें घर लातूरकडील एका लहान गांवीं. परसांतल्या निंबावर साळुंकी येऊन बसली आणि मामांचें बोलणें मी विसरलों. नेम चुकला. छर्रा विहिरीच्या लोखंडी रहाटावर आपटून परतला आणि पाणी शेंदीत असलेल्या माझ्या धाकट्या भावाच्या भुंवईंत रुतला. डोळा एका बोटानें वांचला. वडील मला एक शब्दहि बोलले नाहींत. तेंच मला अधिक लागलें. बंदूक गोणपाटांत गुंडाळून मी माळ्यावर टाकली, ती तीस वर्षांहून अधिक काळ तेथेंच राहिली.

ती खालीं उतरली ती माझ्या विद्यार्थ्यांमुळें. ११ ऑगस्ट २००८ रोजीं अभिनव बिंद्रा यांनीं बीजिंगच्या ऑलिंपिकमध्यें दहा मीटर एअर रायफलचें सुवर्णपदक जिंकलें. दुसरे दिवशीं वर्गांतील एक मुलगा म्हणाला, “गुरुजी, दहा मीटर म्हणजे आपल्या वर्गाएवढेंच कीं! त्यांत कठीण तें काय?” मीं उत्तर दिलें नाहीं. कागदावर पेन्सिलीनें अर्ध्या मिलिमीटरचा एक ठिपका काढला, तो ओसरीच्या भिंतीला चिकटविला, टेपनें दहा मीटर मोजले आणि मुलांना तेथें उभें केलें. “गुरुजी, ठिपका दिसतच नाहीं!” मुलें ओरडलीं. तोच ठिपका म्हणजे त्या सामन्यांतील दहा गुणांचें घर. सगळें लक्ष्यचक्र अवघें ४५.५ मिलिमीटर व्यासाचें, त्यांतील काळा भाग ३०.५ मिलिमीटरचा. नेमबाज मधला ठिपका पाहत नाहीं. बंदुकीच्या टोंकावरील वर्तुळांत तो काळें वर्तुळ नेमकें मधोमध बसवितो आणि उरलेलें काम आपल्या सवयीवर सोडतो. त्या दिवशीं शेवटची गोळी उरली तेव्हां बिंद्रा व फिनलंडचा हाक्किनेन यांचे गुण समान होते. एका गोळीला अधिकांत अधिक १०.९ गुण मिळतात, बिंद्रांनीं १०.८ मिळविले.

आपल्या महाराष्ट्रालाहि या खेळाची चांगली परंपरा आहे. दहा मीटर एअर रायफलचा प्रकार ऑलिंपिकमध्यें १९८४ सालीं आला. मुंबईच्या अंजली भागवत यांनीं २००० सालीं सिडनीस आणि सुमा शिरूर यांनीं २००४ सालीं अथेन्सला अंतिम फेरी गांठली. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्यें कैरो येथें याच प्रकारांत जगज्जेता झाला. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनीं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक मिळविलें, तें मात्र पन्नास मीटरच्या, काडतुसाच्या रायफलीनें.

असो. माळ्यावरून काढलेली बंदूक मीं कशी ठीक केली तें सांगतों; ज्यांना हा छंद धरावयाचा आहे त्यांना त्याचा उपयोग होईल. पहिला उपाय अगदीं फुकटचा आहे. दस्त्याचे सर्व स्क्रू पिळून पाहावे. निम्म्या बंदुका ‘बिघडतात’ त्या केवळ ढिल्या स्क्रूमुळें. मग नळींतून स्वच्छ कापडाची पट्टी ओढावी. माझ्या बंदुकींत दट्ट्यावरचें चामडें वाळून तडकलें होतें व हवा निसटत होती; तें मीं जाणत्या कारागिराकडून बदलून घेतलें. हें काम घरीं करूं नये. आंतील स्प्रिंग उघडी होतांना सुटली तर माणसाचा जबडा फोडते. वंगणहि बेतानें द्यावें. नळकांड्यांत तेल गेलें तर दाबाच्या उष्णतेनें तें पेट घेतें, बार होतो, धूर निघतो. मुलांना मौज वाटते, पण बंदुकीचा नाश होतो. छर्रा न घालतां घोडा ओढूं नये, कारण हवेची उशी नसल्यामुळें दट्ट्या सरळ पोलादावर आदळतो. स्प्रिंग दाबलेली ठेवून बंदूक तासन्‌तास टेकवूं नये. पावसाळ्यांत घामाच्या हाताचा ठसादेखील गंजतो, म्हणून काम झालें कीं तेलाच्या फडक्यानें लोखंड पुसावें.

पुष्कळांना अधिक कडक स्प्रिंग बसविण्याचा मोह होतो. तो आवरावा. जोर वाढला कीं धक्का वाढतो, आणि धक्का वाढला कीं नेम फांकतो. त्याऐवजीं दोन-तीन जातींचे छर्रे आणून प्रत्येकाच्या पांच-पांच गोळ्या एकाच खुणेवर माराव्या. ज्या छऱ्यांचीं पांच भोंकें एकमेकांच्या जवळ पडतात, तो छर्रा आपल्या बंदुकीचा. भोंकें खुणेपासून दूर पडलीं तरी चिंता नको; तीं एकत्र पडलीं पाहिजेत. खुणेवर आणणें सोपें आहे. गोळी ज्या दिशेला न्यावयाची त्या दिशेला मागची खांच सरकवावी.

आतां बंदूक धरण्याविषयीं. स्प्रिंगची बंदूक मोठी चमत्कारिक असते. छर्रा नळीबाहेर पडण्यापूर्वींच दट्ट्याच्या धांवेनें ती आधीं मागें व मग पुढें हिसका देते. तिला मुठींत आवळली तर प्रत्येक वेळीं आवळ निराळी पडते व नेम चुकतो. म्हणून डावा तळहात उघडा ठेवून तिच्यावर ती नुसती विसावूं द्यावी, तान्हें मूल धरतों तशी. श्वास घ्यावा, अर्धा सोडावा, तेथें क्षणभर थांबावें आणि घोडा ओढूं नये, हळूहळू दाबावा. आठ-दहा सेकंदांत गोळी सुटली नाहीं तर बंदूक खालीं करावी व पुन्हां आरंभ करावा. नजर लक्ष्यावर नव्हे, पुढच्या माशीवर ठेवावी. याचें त्रैराशिक मुलांनाहि पटतें. खांच आणि माशी यांत अर्ध्या मीटरचें अंतर असेल, तर माशी एक मिलिमीटर सरकतांच दहा मीटरवर गोळी वीस मिलिमीटर सरकते, म्हणजे काळ्या वर्तुळाबाहेर जाते.

कायदाहि ठाऊक हवा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणें जिची ऊर्जा २० जूलहून अधिक नाहीं व नळी ४.५ मिलिमीटरहून मोठी नाहीं अशा हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाहीं. वर सांगितलेल्या छऱ्याची ऊर्जा सुमारें ८ जूल येते. तरीहि बंदूक घेतांना आपली ओळखपत्रें द्यावीं, पावती जपून ठेवावी आणि ती रस्त्यानें उघडी मिरवूं नये. पांखरें मारणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं अपराध आहे. पण कायदा नसता तरी तें लाजिरवाणेंच ठरलें असतें.

आणि कायद्याच्याहि आधींचा नियम मामांचा : छर्रा कुठें थांबणार तें आधीं पाहा. दगड, लोखंड, पक्की भिंत यांवरून छर्रा परततो. माझ्याकडे एक लांकडी पेटी आहे; तींत ओली शाडू थापलेली असते व मागें जुन्या सतरंजीची जाड घडी. प्रत्येकाच्या डोळ्याला चष्मा. दार लावलेलें, म्हणजे कोणी अचानक पुढें येणार नाहीं. मुलें असतील तर एका वेळीं एकाच्याच हातीं बंदूक, आणि ती भरलेली असो वा नसो, तिची नळी माणसाकडे वळतां कामा नये. शिसें विषारी, म्हणून खेळ संपतांच साबणानें हात धुवावे, मगच फराळ.

सेवानिवृत्तीनंतर आतां दर रविवारीं सकाळीं आमच्या मागच्या अंगणांत मी आणि माझा नातू दहा-दहा गोळ्या मारतों. माझा हात आतां थोडा कांपतो. पण बंदूक खालीं करून पुन्हां श्वास घेण्यास वय लागत नाहीं, उलट वयानेंच तें जमूं लागतें. गुण मोजावयास खुर्ची टाकून जो बसतो तो माझा धाकटा भाऊ. भुंवईवरचा व्रण त्यानें नातवाला दाखविला आहे. परवां माझी गोळी काळ्या वर्तुळाबाहेर गेली तेव्हां चष्मा सांवरीत तो म्हणाला, “दादा, काळजी नको. आजची शाडूंतच थांबली आहे.”