पाणवठ्यावरून घराघरात

मैत्रिणींनो, गावात एखादी बातमी सगळ्यात आधी कुठे कळते? पाणवठ्यावर, नाहीतर शेजारणीच्या ओट्यावर! दोन हजार वर्षांपूर्वीही तसंच होतं. ख्रिस्ताची शिकवण सुरुवातीला पसरली ती अशाच वाटांनी, आणि त्यात बायकांचा वाटा मोठा होता.

बायबलमधली शोमरोनी स्त्रीच बघा ना. पाच नवरे झालेली, भर दुपारी विहिरीवर पाणी भरायला आलेली. यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत. तरी येशूने तिच्याकडे पाणी मागितलं, तिच्याशी मोकळेपणानं बोलला. ती घागर तिथेच टाकून गावात गेली आणि लोकांना म्हणाली, चला, तुम्हीच येऊन बघा. माणसं आली. येशू तिथे दोन दिवस राहिला. मग गावकरी तिला म्हणाले, आता तू सांगतेस म्हणून नाही, आम्ही स्वतः ऐकलंय म्हणून विश्वास ठेवतो.

दुसरी लुदिया. मूळची थुवतीरा गावची, फिलिप्पै शहरात जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी. हा रंग फार महाग, श्रीमंतांनाच परवडणारा. शब्बाथ दिवशी नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या बायकांत तिनं पौलाचं बोलणं ऐकलं. साल साधारण इसवी सन ५०. तिनं घरच्या सगळ्यांसह बाप्तिस्मा घेतला आणि पाहुण्यांना आग्रहानं घरी ठेवून घेतलं. पुढे पौल आणि सीला तुरुंगातून सुटले, तेही आधी तिच्याच घरी गेले.

तेव्हा चर्चच्या इमारती नव्हत्या. घरातच प्रार्थना, तिथेच पंगत. तंबू शिवणाऱ्या प्रिस्किल्ला आणि अक्विला या नवरा-बायकोच्या घरी मंडळी जमत. अपुल्लोसारख्या विद्वान वक्त्यालाही या दोघांनी घरी नेऊन नीट समजावून सांगितलं. तीमथ्याकडे हा विश्वास आला तो आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून.

पण हे सगळं सुखासुखी झालं नाही. इसवी सन ११२च्या सुमारास प्लिनी नावाच्या रोमन सुभेदारानं बादशहा ट्राजानला पत्र लिहिलं. खरं काय ते काढून घ्यायला आपण दोन दासींचा छळ केला, असं त्यात त्यानं स्वतःच नमूद केलंय. त्या दासींना त्यांच्या मंडळीत 'सेविका' म्हणत. त्यांची नावं मात्र त्यानं लिहिली नाहीत. हा पंथ शहरांतच नाही, तर खेड्यापाड्यांत पसरलाय, ही तक्रारही त्याच पत्रात आहे.

खेड्यापाड्यांत तो नेला कुणी? मोठ्या प्रचारकांची नावं इतिहासात राहिली. पण ते पुढच्या गावाला निघून गेल्यावर आपल्या माणसांत राहून, सासरच्यांचं, शेजाऱ्यांचं ऐकून घेत ज्यांनी हे सांगितलं, त्यांच्यात अशा कितीतरी जणी होत्या. धर्म कुठलाही असो, घराघरात तो टिकतो तो आजी-आईच्या तोंडूनच. आपल्या घरातही हेच दिसतं, नाही का?