खाऱ्या पाण्याचा हिशेब

बुसैतीन हे बहारीनच्या मुहर्रक बेटावरचे गाव. आज त्याची ओळख किंग हमाद विद्यापीठ रुग्णालयामुळे आणि भराव घालून उभ्या राहिलेल्या नव्या वसाहतींमुळे असली, तरी जुनी वस्ती मच्छीमारांची आणि मोत्यांसाठी बुड्या मारणाऱ्यांची. इथले मोती मुंबईच्या बाजारात येत, आणि १९६५ मध्ये दिनार येईपर्यंत व्यवहार रुपयांतच चाले. जपानच्या संवर्धित मोत्यांनी आणि जागतिक मंदीने तो धंदा बसवला. १९३२ मध्ये तेल लागले. पुढे शिडे उतरली आणि इंजिने आली. इंजिने जगभर सारखीच असतात. ती किती टिकतील हे मात्र पाण्यावर ठरते, आणि बुसैतीनचे पाणी कडक आहे.

आखाताची सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर. पाऊस नाममात्र, मोठ्या नद्या फक्त वरच्या टोकाला, आणि महासागराशी संबंध होर्मुझच्या चिंचोळ्या वाटेतूनच. बाष्पीभवन सतत चालते आणि मीठ मागे राहते. खुल्या समुद्राच्या किलोभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. बहारीनभोवती ते ४० च्या वर जातात. उन्हाळ्यात हे पाणी ३३ अंशांच्याही वर तापते. म्हणजे इंजिन थंड करायला जे पाणी आत घ्यायचे, तेच कोमट आणि जास्त खारे.

इथल्या मच्छीमारांच्या फायबरच्या ‘तराद’ होड्यांना मागे आउटबोर्ड इंजिन टांगलेले असते. लाकडी ‘बानूश’च्या पोटात डिझेल इंजिन आणि शाफ्टवर पंखा, आपल्या ट्रॉलरसारखाच. हौशी लोकांच्या बोटींत तिसरा प्रकारही दिसतो, तो स्टर्नड्राइव्ह. इंजिन आत, मागच्या फळीला लागून. गिअर आणि पंखा बाहेर, वळणाऱ्या आणि वर उचलता येणाऱ्या ‘पाया’त. व्होल्वो पेंटाने १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ‘ॲक्वामॅटिक’ मांडले, १९६१ मध्ये ‘मर्क्रूझर’ आले. उथळ पाण्यात पाय वर घेता येतो, ही मोठी सोय. पण त्यासाठी मागच्या फळीला पाण्याच्या पातळीखाली मोठे भोक पाडावे लागते, आणि तिथून आत येणारे पाणी अडवते फक्त घड्यांची रबरी नळी, म्हणजे बेलोज.

बोट ट्रेलरवर पाय उचलून ठेवली की बेलोजच्या घड्या एका बाजूला ताणलेल्या, दुसऱ्या बाजूला दबलेल्या राहतात. चाळिशीपार उन्हात रबर कडक होते आणि घडीच्या तळाशी बारीक चीर पडते. ती वरवर दिसत नाही, घडी बोटांनी फाकवूनच पाहावी लागते. पाणी शिरले की आधी बेअरिंग गंजून गुरगुरू लागते. तेवढ्यावर लक्ष दिले नाही, तर धक्क्याला बांधलेली बोट रात्रीत बुडू शकते. गिअरचे तेल काढतानाही पहिली धार पाहायची. दुधाळ दिसली, तर सील गेलेच.

पायाचे कवच ॲल्युमिनियमचे, पंखा अनेकदा स्टेनलेस स्टीलचा. खाऱ्या पाण्यात असे दोन धातू जोडलेले असले की वीज वाहू लागते आणि ॲल्युमिनियम झिजते. त्याच्याऐवजी झिजावा म्हणून जस्ताचा किंवा खास मिश्रधातूचा ॲनोड लावतात. निम्मा झिजला की बदलायचा. महिनोन्‌महिने कोराच राहिलेला ॲनोड मात्र जास्त काळजीचा. त्यावर कुणीतरी रंग मारलेला असतो किंवा संपर्क तुटलेला असतो, आणि झीज पाय सोसत असतो.

सर्वांत महागात पडते ते एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. बिडाच्या दुहेरी भिंतींमधून समुद्राचे पाणी फिरते. आतली भिंत गंजून फुटली की पाणी सिलिंडरमध्ये उतरते. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येताच कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन बाहेरून नव्यासारखे दिसत असते, आत मात्र संपलेले.

यावरचा स्वस्त उपाय म्हणजे समुद्रातून आल्यावर इंजिनातून गोडे पाणी फिरवणे. एकेकाळी इथे समुद्राच्या तळातूनच गोडे झरे उसळत. बुसैतीनसमोरच्या साया बेटालगतही असा एक झरा होता. पाणबुडे बुडी मारून तळाशी पखाली भरून घेत. उपसा वाढला तसे बहारीनचे भूजल खालावले. आता नळाचे पाणी मुख्यतः समुद्राचेच, मीठ काढलेले. त्याचा एक मोठा प्रकल्प याच बेटाच्या दुसऱ्या टोकाला, हिद्दला आहे. समुद्राचे मीठ धुवायला समुद्राचेच पाणी, तेही इंधन जाळून गोडे केलेले. तरी पाच मिनिटांची ही धुलाई नव्या मॅनिफोल्डच्या तुलनेत फुकटच.

कोकणात देखभालीचे पंचांग निसर्गच ठरवतो. पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक मासेमारी बंद. मिरकरवाड्यापासून हर्णैपर्यंत होड्या किनाऱ्याला लागतात, इंजिने खोलली जातात आणि नारळी पौर्णिमेला दर्याची पूजा होते. बहारीनमध्ये कोळंबीला काही महिने बंदी असते, पण सगळा किनारा एकदम थांबावा असा पावसाळा नाही. त्यामुळे रत्नागिरी-रायगडमधून तिकडे गेलेल्या मिस्त्रीला इंजिन ओळखीचेच वाटेल, मोडावी लागेल ती हंगामाची सवय. तिथे वर्षाकाठी एक मोठे काम पुरत नाही, दर फेरीनंतर एक छोटे करावे लागते. आखातात जुनी बोट घेणाऱ्याने म्हणूनच इंजिन किती तास चालले हे नंतर विचारावे. आधी बेलोजच्या घड्या फाकवाव्यात, ॲनोड पाहावा आणि धुण्याचा नळ धक्क्यापासून किती लांब आहे ते विचारावे.