तांड्यासोबत चाललेले देव

पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी. यवतमाळ जिल्ह्याच्या या पट्ट्यात गावापासून थोडे अंतर राखून वसलेले तांडे जागोजागी दिसतात. सेवालाल महाराजांचे देऊळ, जवळच जगदंबा आणि वर फडकणारा पांढरा झेंडा ही बंजारा तांड्याची ठळक खूण. घराघरांतली भाषा गोरबोली. तंटा उठला की आधी तांड्याचा प्रमुख नाईक आणि कारभारी यांच्यापुढे जायचे, अशी इथली जुनी रीत.

आज कापूस-सोयाबीनच्या शेतीत आणि ऊसतोडीत गुंतलेल्या या समाजाचा मूळ धंदा होता लदेणी, म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर व्यापार करणे. मोगल फौजा दख्खनेत उतरल्या, तेव्हा त्यांची रसद बंजाऱ्यांनी वाहिली. १६३० च्या सुमारास आसफखानाच्या फौजेसोबत आलेल्या भंगी आणि जंगी नाईकांकडे १,८०,००० बैल होते, अशी परंपरागत माहिती कंबरलेज या इंग्रज पोलीस अधिकाऱ्याने नोंदवली आहे. तो वणी जिल्ह्यात नेमणुकीला होता. आजच्या यवतमाळ जिल्ह्याचे ते जुने नाव.

सतत वाटेवर असलेल्या या लोकांना देवही चालता लागे. कंबरलेजच्याच टिपणात बालाजीला वाहिलेल्या एका बैलाचे वर्णन आहे. त्याच्या पाठीवर कधी ओझे लादत नसत. लाल रेशमी गोंडे, कवड्यांच्या माळा, पितळी साखळ्या आणि घुंगरू लेऊन तो तांड्याच्या पुढे चाले. दमून तो जिथे बसेल, तिथेच त्या दिवसाचा मुक्काम पडे. कोणी आजारी पडले, तर त्याला या बैलाच्या पायाशी आणत.

संत सेवालाल महाराज याच लदेणीच्या जगातले. परंपरेनुसार त्यांचा जन्म १७३९ चा, आंध्रातल्या गुत्तीजवळचा. वडील भीमा नाईक, आई धरमणी. जगदंबेचे हे भक्त गुरे राखत आणि तांड्यासोबत फिरत. त्यांची समाधी दिग्रसपासून जवळच, वाशिम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला आहे.

१८६० च्या दशकात वऱ्हाडात रेल्वे आली आणि लदेणी बसली. बैलांवरचा माल डब्यांत गेला. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का समाजावर बसला तो वेगळाच. तो १९५२ मध्ये पुसला गेला. तांडे जमिनीला चिकटले. पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या अशाच एका नाईक घराण्यात १९१३ साली वसंतराव नाईक जन्मले. १९६३ ते १९७५ असा अकरा वर्षांहून अधिक काळ त्यांनी राज्याचे मुख्यमंत्रिपद सांभाळले. त्यांचे पुतणे सुधाकरराव १९९१ मध्ये त्याच पदावर बसले.

मुक्काम कायमचा झाला, तरी सण तांड्याचेच राहिले. श्रावणात तीज येते. कुमारिका टोपल्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालतात, गाणी म्हणतात आणि शेवटी वाढलेली रोपे वाजतगाजत विसर्जित करतात. दिवाळीत मुली हाती दिवा घेऊन घरोघर ‘मेरा’ मागतात. होळीला लेंगी गीते रंगतात आणि वर्षभरात जन्मलेल्या बाळाचा ‘धुंड’ हा संस्कार होतो. पूजा म्हणजे भोग: पेटत्या निखाऱ्यावर तूप-गुळाचा नैवेद्य आणि सोबत अरदास, म्हणजे प्रार्थना.

युरोपात, रोमानियासारख्या देशांत राहणाऱ्या रोमा लोकांशी बंजाऱ्यांचे नाते अनेकदा सांगितले जाते. रोमांच्या भाषेचे मूळ भारतात आहे, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. पण ते बंजाऱ्यांचेच भाऊबंद, हे सिद्ध झालेले नाही.

रामनवमीला पोहरादेवीत तेलंगण-कर्नाटकातूनही भाविक लोटतात. २०२४ मध्ये तिथे बंजारा वारसा संग्रहालयही उघडले. यात्रेत एकाच गोताची माणसे भेटतात, मात्र सरकारदरबारी ती वेगवेगळी: तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती, महाराष्ट्रात विमुक्त जाती. निजामकाळातल्या हैदराबाद गॅझेटचा दाखला देत महाराष्ट्रातही जमातीचा दर्जा मिळावा, या मागणीसाठी २०२५ मध्ये बंजारा समाजाचे मोर्चे निघाले.