वर्षातील एक दिवस : डेव्हिड निकल्स यांच्या ‘वन डे’ या कादंबरीतील स्नेह आणि प्रेम

मैत्री आणि प्रेम यांचा संबंध कादंबरीत दाखवावयाचा झाला म्हणजे लेखक बहुधा एक ठरलेली वाट धरतात. आरंभी मैत्री, मध्यंतरी गैरसमज आणि अखेरीस प्रेमाचा साक्षात्कार. या मांडणीत मैत्रीला पायरीपलीकडे स्थान नसते. वर चढून गेल्यावर त्या पायरीचे काय झाले, याची चौकशी कोणी करीत नाही. डेव्हिड निकल्स या इंग्रज लेखकाची २००९ साली प्रसिद्ध झालेली ‘वन डे’ ही कादंबरी वरवर चाळणाऱ्यास याच जातीची वाटेल. तिच्या लक्षावधी प्रती खपल्या, २०११ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला आणि २०२४ मध्ये चौदा भागांची मालिकाही आली. इतकी लोकप्रियता लाभलेल्या पुस्तकाकडे विद्यापीठातील अभ्यासक सहसा वळत नाहीत. या कादंबरीच्या बाबतीत मात्र ती उपेक्षा योग्य ठरणार नाही. मैत्रीचा प्रश्न तिने कथानकापेक्षा आपल्या घाटातून अधिक मांडला आहे, आणि तोच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

घाट सांगावयास सोपा आहे. १५ जुलै १९८८ रोजी, पदवीदानाच्या रात्री, एडिंबरोमध्ये एम्मा मॉर्ली आणि डेक्स्टर मेह्यू एकत्र येतात. ती यॉर्कशरमधील साध्या घरची, बुद्धिमान, थोडी तिखट. तो ऑक्सफर्डशरमधील सुखवस्तू घरचा, देखणा आणि आयुष्याविषयी निश्चिंत. त्यानंतर प्रत्येक प्रकरण पुढल्या वर्षाच्या १५ जुलैचे. त्या दिवशी ती दोघे जेथे असतील तेथे कादंबरी जाते. कधी ती एकत्र असतात, पुष्कळदा नसतात. उरलेल्या ३६४ दिवसांत काय घडले, ते वाचकाने बोलण्याच्या ओघातून ताडावयाचे.

ही तारीख संत स्विदिनची. त्या दिवशी पाऊस झाला तर तो पुढे चाळीस दिवस हटत नाही, असा इंग्लंडात लोकसमज आहे. विषयांतराचा दोष पत्करून नमूद करावेसे वाटते की, आपल्याकडे हाच दिवस पुनर्वसू नक्षत्रात पडतो, आणि पुनर्वसूच्या पावसाला आपला शेतकरी ‘तरणा’ व पुढील पुष्याच्या पावसाला ‘म्हातारा’ म्हणतो. निकल्स यांना हे ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु तारुण्य सरत जाण्याच्या या कथेला आपल्या पंचांगानेही योग्यच दिवस दिला असता.

कल्पनेचे मूळ स्वतः लेखकानेच सांगितले आहे. टॉमस हार्डीच्या ‘टेस’ (१८९१) या कादंबरीतील नायिकेच्या मनात एकदा असा विचार येतो की, वर्षात आपल्या जन्मदिवसासारखाच एक मृत्युदिवसही दडलेला असला पाहिजे, आणि दरसाल आपण त्याला न ओळखता ओलांडून जातो. पूर्वाश्रमीचे नट असलेल्या निकल्स यांनी २००८ मध्ये बी.बी.सी.साठी ‘टेस’चे नाट्यरूपांतरही केले होते. या उगमाची माहिती असलेल्या वाचकाला १५ जुलैचा अर्थ आरंभीच कळतो. इतरांना तो २००४ च्या प्रकरणात, सायकलवरून निघालेल्या एम्माला अपघाती मृत्यू येतो तेव्हा कळतो.

आपल्याकडे प्रा. ना. सी. फडके यांच्या ‘प्रतिभासाधना’पासून (१९३१) कादंबरीच्या तंत्राची चर्चा पुष्कळ झाली, तथापि तंत्र म्हणजे उत्कंठा ताणण्याची युक्ती, असा एक समज त्या चर्चेतून मागे राहिला. येथे तंत्राचे कार्य उलट आहे. प्रणयकथा ज्या प्रसंगांवर उभी राहते तेच हे तंत्र वगळते. डेक्स्टरचे पहिले लग्न, त्याच्या आईचा मृत्यू, पुढे एम्माशी झालेला विवाह, हे सारे १५ जुलैला घडत नाही, म्हणून पानावर येत नाही. आई दिसते ती तिच्या आजारपणात. मुलगा आदल्या रात्रीच्या नशेतून पुरता न सावरता भेटीस आला आहे, अशा एका दिवशी. महत्त्वाचे दिवस असे गाळल्यावर उरतो तो सामान्य दिवस, आणि सामान्य दिवस हे मैत्रीचे क्षेत्र होय. पत्रे, फोन, थट्टा, कोणा तिसऱ्याच्या लग्नातील गाठभेट, ग्रीसमधील सहलीत स्वतःवर घालून घेतलेले नियम, यांतून ही दोघे आपल्याला परिचित होतात. वर्षातून एकदा भेटणाऱ्या जुन्या स्नेह्याचे नाते वाचकाचेही त्यांच्याशी जुळते.

१९९० च्या प्रकरणाचा अर्धा भाग मुंबईत घडतो, हे आपल्या वाचकांस विशेष वाटेल. तेथील एका मद्यगृहात बसून डेक्स्टर एम्माला लांबलचक पत्र लिहितो : तू हिंदुस्थानात ये, आपण ताजमहालापाशी भेटू. पत्र तेथेच विसरले जाते. ते दुसऱ्या एका प्रवाशाच्या हाती लागते. पण त्यावर पत्ताच नसल्यामुळे टपालात पडत नाही. एम्मा त्याच दिवशी लंडनमधील एका मेक्सिकन उपाहारगृहात नोकरीस लागत असते. मुंबई येथे केवळ पार्श्वभूमी आहे, शहर म्हणून ती लेखकाच्या हाती लागलेली नाही, हे मान्य केले पाहिजे. पण प्रसंगाचे मर्म निराळे आहे. फडके-पद्धतीच्या कथेत हरवलेले पत्र केव्हातरी सापडते आणि उलगडा होतो. येथे ते कधीच सापडत नाही. ते लिहिले गेले होते हे एम्माला शेवटपर्यंत कळत नाही, आणि तरीही स्नेह टिकतो.

प्रस्तुत लेखकाच्या मते कादंबरीचा मध्यबिंदू १९९५ मधील उपाहारगृहातील भांडण हा होय. डेक्स्टर आता दूरचित्रवाणीवर प्रसिद्धी पावलेला, व्यसनांत बुडालेला आणि उद्धट झाला आहे. एम्मा त्याला सोडून निघते तेव्हा तिच्या बोलण्याचा आशय असा की, प्रेम अद्याप शिल्लक आहे, पण त्याच्याविषयीची आवड संपली. सर्वसाधारण प्रणयकथा सांगते की, प्रेम सरले तरी मैत्री राहू शकते. येथे नेमके याच्या विरुद्ध घडले आहे : मैत्री गेली, प्रेम उरले, आणि ते उरलेले प्रेम एक जेवण पुरे होईपर्यंतही दोघांना एका टेबलाशी बसवू शकत नाही. मराठी अनुवादकापुढे हा प्रसंग एक पेच उभा करील. आपल्याकडे ‘तू मला आवडतोस’ हे वाक्य प्रेमाची संकोचयुक्त कबुली म्हणून वापरले जाते. प्रेम आणि आवड यांच्यातील जो विरोध इंग्रजीत त्या क्षणी धारदार होतो, तो मराठीत शब्दशः आणल्यास बोथट होईल. ‘स्नेह’ हा शब्द अर्थाच्या जवळ जातो, पण रागावलेल्या तरुणीच्या तोंडी तो शोभणार नाही.

ही कल्पना आपल्या परंपरेला परकी मात्र नाही. भवभूतीच्या ‘मालतीमाधवा’त कामंदकी वधूवरांना उपदेश करताना पतिपत्नी हे परस्परांचे प्रियतम मित्र होत, असेच सांगते. भेद इतकाच की, कामंदकी हे विवाहाच्या उंबरठ्यावर सांगते; निकल्स यांची पात्रे तेथे पोहोचण्याआधी बारा-तेरा वर्षे त्याची परीक्षा देत राहतात.

आणि येथेच कादंबरीचे वैगुण्यही आहे. पॅरिसमध्ये २००१ साली दोघे एकत्र येतात. २००४ मध्ये एम्मा जाते. म्हणजे सहजीवनाच्या वाट्याला अवघी तीन-चार प्रकरणे. संसाराच्या घर्षणात ही मैत्री टिकली असती काय, हा खरा कठीण प्रश्न होता. मूल व्हावे म्हणून चाललेली खटपट आणि त्यातील चिडचिड यांच्या रूपाने तो डोके वर काढतो न काढतो, तोच मृत्यू त्याचे तोंड बंद करतो. हा मृत्यू अकारण आहे असा आक्षेप घेतला गेला, तर तो लागू पडणार नाही, कारण हार्डीकडून घेतलेल्या कल्पनेतच तो गृहीत आहे. आक्षेप घ्यावयाचा तो त्याच्या वेळेस. दहा वर्षे उशिरा आला असता, तर लेखकाला आपला सिद्धांत संसारात सिद्ध करून दाखवावा लागला असता.

अखेरच्या प्रकरणांची रचना मात्र अभ्यासण्याजोगी आहे. एम्मानंतरच्या वर्षांतील डेक्स्टर आणि १९८८ मधील तो पहिला दिवस यांची त्यांत आलटूनपालटून गुंफण केली आहे. डेक्स्टर आपल्या मुलीला घेऊन एडिंबरोतील आर्थर्स सीट ही टेकडी चढतो, आणि शेजारच्याच पानांवर तो आणि एम्मा पदवीच्या दुसऱ्या दिवशी तीच टेकडी चढत असतात. पहिल्या प्रकरणाने आपल्याला केवळ रात्र दाखविली होती. दिवस लेखकाने राखून ठेवला होता. तो संपताना दोघे निरोप घेतात आणि पत्ता व फोन नंबर एकमेकांना लिहून देतात.