वाघोलीचं निळं खनिज

पुणे-नगर रस्त्यावरच्या वाघोलीच्या खाणींनी वाढत्या पुण्याला खडी पुरवली, आणि त्याच खाणींतून कॅव्हनसाइट हे निळंशार खनिज जगभरच्या संग्रहालयांत पोहोचलं. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिका आणि पाणी यांचं हे सिलिकेट जगात मोजक्याच ठिकाणी सापडतं. १९७३ साली स्टेपल्स, इव्हान्स आणि लिंडसे यांनी अमेरिकेतल्या ओरेगनच्या नमुन्यांवरून त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. तिथले स्फटिक बारीक होते. ठसठशीत झुपके दिले ते वाघोलीने.

खाणीत ते ओळखायचं कसं? रंगाकडे लक्ष आधी जातं, पण ओळख पटते शेजाऱ्यांवरून. दख्खनचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याच्या पोकळ्यांतून आणि भेगांतून खनिजयुक्त गरम पाणी फिरलं, त्यातून हुलँडाइट, स्टिल्बाइट, कॅल्साइट साकळले. कॅव्हनसाइट बहुतेकदा या पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेलं दिसतं, म्हणजे ते त्याच्यानंतरचं. वाघोलीत ते मुख्यतः ब्रेशियात, म्हणजे तुटक्या लाव्हाच्या तुकड्यांनी जुळलेल्या खडकात मिळालं.

मग भिंग डोळ्याला लावावं. केंद्रातून चहूकडे फुटलेल्या पात्यांचा गोळा, काचेसारखी चमक आणि गडद निळा किंवा हिरवट निळा रंग दिसायला हवा. काठिण्य मोह्सच्या मापावर ३ ते ४ असल्याने पोलादी सुरीचा ओरखडा सहज उमटतो. ही परीक्षा गळून पडलेल्या कणावरच करावी. निळं अझुराइट तांब्याचं कार्बोनेट असल्याने सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात फसफसतं, कॅव्हनसाइट तसं फसफसत नाही. मात्र थेंब खालच्या कॅल्साइटवर पडला तर कॅल्साइटही फसफसतं आणि परीक्षा फसते.

खरी कसोटी पेंटागोनाइट या दुसऱ्या खनिजापासून ते वेगळं ओळखण्याची. पेंटागोनाइटची रासायनिक घडण कॅव्हनसाइटचीच, पण अणूंची मांडणी वेगळी. त्याची पाती लांब, टोकदार असतात आणि जुळे स्फटिक पाच बाजूंनी जोडले गेले की आडव्या छेदात पंचकोनी तारा दिसतो. असा तारा भिंगाखाली स्पष्ट दिसला तर पेंटागोनाइट म्हणायला बळ मिळतं. तो नसेल तर निवाडा प्रयोगशाळेतल्या क्ष-किरण विवर्तनावर सोपवणं हाच प्रामाणिकपणा.

बाजारात आलेल्या नमुन्यात सुटा गोळा स्टिल्बाइटवर चिकटवलेलाही असू शकतो; सांध्याशी भिंगाने डिंक शोधावा. पण डिंकापेक्षा मोठी हानी मूळ ठिकाणाची नोंद हरवल्याने होते. कोणत्या खाणीतून, कोणत्या थरातून, कोणत्या खनिजांच्या सोबतीने नमुना आला, हे कळलं नाही तर त्याच्या जन्माची हकिगत सांगता येत नाही. व्हॅनेडियम नेमकं कुठून आलं, या प्रश्नाचा शोध अशाच नोंदींवर चालतो. खाणी बुजतात, त्यांवर वस्त्या उठतात. ज्यांच्या छिन्नीखाली हे झुपके उजेडात येतात, त्या खाणकामगारांचं म्हणणं नमुन्याच्या चिठ्ठीवर उतरवणं हा संशोधनाचाच भाग मानला पाहिजे.