गाल लागला, फोन कटला

पेण-रोह्याकडच्या आपल्या अनेक घरांतली मुलं आखातात आहेत. लेकाचा फोन येतो, अम्मी तो कानाला लावतात आणि गाल लागून कॉल कटतो. लेकाला वाटतं, अम्मी रागावल्या!

दोष अम्मींचा नाही. फोनच्या वरच्या कडेला प्रॉक्सिमिटी सेन्सर असतो. त्याचे इन्फ्रारेड किरण गालावरून परतले की स्क्रीन बंद होते. धूळ, घाम किंवा चुकीची बसलेली टेम्पर्ड ग्लास आड आली की तो फसतो. कधी स्क्रीन चालूच राहते, कधी कॉल संपला तरी काळीच.

आधी कोरड्या मऊ कापडाने ती कड पुसू. कव्हर, ग्लास काढून, फोन बंद-चालू करून पाहू. तोवर स्पीकरवर बोलू. तरीही जमलं नाही, तरच दुरुस्तीच्या दुकानात जाऊ.